कागदावर उतरलं तेवढं टिकलं

पनवेलहून निघालं की पळस्पे फाट्यावर रस्ता फुटतो. एक फाटा गोव्याकडे जातो, दुसरा जुन्या वाटेने खोपोली-पुण्याकडे. गोव्याच्या फाट्याने गणपतीत आणि शिमग्यात गिरणगाव दरवर्षी कोकणात उतरायचं. पुण्याच्या फाट्यावर थोडं पुढे कोन गाव आहे, आणि या गावात आता गिरणगावातल्याच काही जणांचा कायमचा मुक्काम पडला आहे. भाताच्या खाचरांतून एकदम वर आलेल्या त्या उंच इमारती रस्त्यावरून दिसतात. २ डिसेंबर २०१६ रोजी म्हाडाने गिरणी कामगारांसाठी सोडत काढली, तेव्हा इथली २,४१७ घरं तिच्यात होती. घरं मुळात एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरच्या योजनेतली, १६० चौरस फुटांची. दोन जोडून एक केलं, ३२० चौरस फूट झालं, किंमत ठरली सहा लाख रुपये.

सोडत निघाली, पण चावी हाती यायला वर्षं गेली. मध्ये करोना आला आणि याच इमारतींमध्ये विलगीकरण केंद्र उघडलं. ते बंद झाल्यावर दुरुस्ती कोणी करायची यावर दोन सरकारी यंत्रणांमध्ये घोळ चालला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने चाव्या मिळू लागल्या. १९८२ च्या जानेवारीत संपावर गेलेला पंचविशीतला साचेवाला तोपर्यंत पासष्टी ओलांडून गेला होता. बऱ्याच घरांत चावी घ्यायला वारसच आले.

पनवेल स्वतः कधी गिरणगाव नव्हतं. १८५२ सालची नगरपालिका, भाताच्या गिरण्या, मिठागरं, बैलगाड्यांचा व्यापार, आणि १८७२ पासून काढे-आसवं करणारा धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक कारखाना, असं हे बाजारपेठेचं गाव. इथे लाल झेंड्याचे लाखांचे मोर्चे निघाले नाहीत. तरीही महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीच्या निरनिराळ्या वाटा कुठे येऊन पोचल्या हे पाहायचं, तर या एका तालुक्यात फिरणं पुरतं. कोनला गिरणी कामगार, कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी, पाताळगंगेच्या काठी रसायनीत बंद पडलेला सरकारी कारखाना, आणि पलीकडे नव्या मुंबईच्या विमानतळाच्या कुंपणाशी जमीन गेलेले शेतकरी. बहुतेक ठिकाणी एक मोठा नेता होऊन गेला. तो गेल्यावर मागे काय राहिलं, हे पाहण्यासाठी हा लेख.

सुरुवात मात्र गिरणीपासूनच करावी लागते.

नारायण मेघाजी लोखंडे ठाण्यात जन्मले, सत्यशोधक समाजात वाढले आणि १८८० पासून 'दीनबंधू' चालवू लागले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. तिच्यातून उभी राहिलेली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही आजच्या अर्थाने युनियन नव्हती. तिला वर्गणी नव्हती, घटना नव्हती. इतिहासकार त्यावरून लोखंड्यांना थोडे कमी गुण देतात. मला ते पटत नाही. १८९० च्या एप्रिलमध्ये त्यांनी दहा हजार कामगारांची सभा घेतली, तीत दोन बायका बोलल्या, आणि १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी आठवड्याच्या सुट्टीची तरतूद कारखाना कायद्यात आली. लोखंडे १८९७ मध्ये गेले. त्यांची सभा त्यांच्याबरोबर संपली, रविवार राहिला.

दुसरे नारायणराव आपल्याच रायगड जिल्ह्यातले. नारायण मल्हार जोशी, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे, जन्म १८७९. भारत सेवक समाजातले गोखल्यांच्या तालमीतले नेमस्त गृहस्थ. त्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेची पहिली बैठक भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले. १९२० च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत आयटक ही कामगार संघटनांची देशव्यापी संघटना स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष झाले, पण ती उभी करण्यात जोशांचा वाटा मोठा होता. त्याच सुमारास मद्रासला बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरणीच्या मालकांनी बी. पी. वाडियांच्या युनियनवर दावा लावला आणि कोर्टाने मनाई हुकूम दिला. कामगारांना एकत्र करणं हाच कट ठरण्याची वेळ आली. जोशांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला. पाच वर्षं रेटल्यावर १९२६ चा कामगार संघटना कायदा झाला. सात माणसांनी सह्या करून नोंदणी करावी, संपाबद्दल कटाचा खटला किंवा नुकसानभरपाईचा दावा संघटनेवर सहज लावता येऊ नये, ही तरतूद त्यात आली. पुढे देशात जी जी युनियन झाली, लाल असो, तिरंगी असो की भगवी, ती या कायद्याच्या छत्राखाली जन्मली.

जोशांचा फोटो मात्र युनियनच्या कचेरीत फारसा दिसत नाही. फोटो कम्युनिस्ट डांग्यांचा असतो. ते समजण्यासारखं आहे. १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर राहिले, त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि डांगे, मिरजकर, निंबकर, आळवे, कासले ही नावं चाळीचाळीत पोचली. मार्च १९२९ मध्ये त्यांतल्या बहुतेकांना मीरत कटाच्या खटल्यात पकडून नेलं आणि युनियन खिळखिळी झाली. त्याच वर्षी नागपूरला आयटक फुटली, जोशी बाहेर पडले. जहाल आणि मवाळ एकमेकांना शिव्या घालत राहिले. शंभर वर्षांनंतर बघताना मला वाटतं, संप करण्याची छाती डांग्यांनी दिली आणि तो करूनही तुरुंगाबाहेर राहायचा हक्क जोशांनी. कामगाराला दोन्ही लागलं.

कागद टिकतो म्हटलं तर वाईट कागदही टिकतो. १९४६ साली मुंबई प्रांतात औद्योगिक संबंध कायदा झाला, तेव्हा गुलझारीलाल नंदा कामगार मंत्री होते. त्या कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मानली, आणि कापड गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला. कामगार कोणाच्याही मागे जावोत, वाटाघाटीला बसणार संघच. ही गाठ पस्तीस वर्षं कामगारांच्या गळ्याशी राहिली.

ती तोडायला १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत पुढे झाले. देवबागचा हा डॉक्टर घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवायचा. खाणीतले दगडफोडे त्याच्याकडे उपचाराला येत, त्यांच्यातूनच तो युनियनमध्ये ओढला गेला. सामंतांची रीत साधी होती. कंपनीचा ताळेबंद दाखवू नका, कामगाराच्या घरचा खर्च बघा, मग पगार ठरवा. इंजिनिअरिंग आणि औषधांच्या कारखान्यांत त्यांनी घसघशीत पगारवाढी मिळवून दिल्या होत्या, म्हणून १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून चिडलेले गिरणी कामगार त्यांच्या दारात गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. साठीच्या घरातल्या गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. मागणी पगाराची होती, तशीच तो १९४६ चा कायदा मोडीत काढण्याचीही होती. सरकार दुसऱ्या मागणीवर तसूभर हललं नाही. त्या कायद्याच्या नजरेत सामंत कोणीच नव्हते, त्यामुळे त्यांच्याशी करार करायचा प्रश्नच आला नाही.

या संपाबद्दल आजही दोन तट आहेत. एक म्हणतो सामंतांनी गिरणगाव बुडवलं, दुसरा म्हणतो मालकांना गिरण्या बंदच करायच्या होत्या, संप निमित्त झाला. जमिनीचे पुढचे भाव पाहता दुसऱ्या म्हणण्यात बरंच तथ्य आहे. पण माझा आक्षेप वेगळा आहे. सामंतांच्या संघटनेत सामंतांशिवाय दुसरं काही नव्हतं. कधी माघार घ्यायची, कोणत्या गिरणीत वेगळा समझोता करायचा, हे ठरवणारी गिरणीवार समिती असती तर ती १९८३ मध्ये काही वाचवू शकली असती. तो संप आजवर रीतसर मागे घेतला गेलेला नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत सामंतांचा खून झाला. अंत्ययात्रेला माणसांचा महापूर आला, हे खरं. त्या गर्दीच्या हातात करार नव्हता.

घराची लढाई त्यानंतरची, आणि ती वेगळ्या माणसाने लढवली. मॉडर्न मिलमधले दत्ता इस्वलकर १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समितीतून पुढे आले. सामंतांच्या मानाने आवाज लहान, पण फाइल पक्की. गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा घरांसाठी सुटावा अशी सोय १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ मध्ये होती. २००१ मध्ये सरकारने तिचा अर्थ बदलून मोकळ्या जागेपुरताच हिस्सा ठेवला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांची बाजू उचलून धरली, आणि शेकडो एकरांतून कामगारांच्या वाट्याला तुकडे उरले. त्या तुकड्यांवर २०१२ मध्ये ६,९२५ घरं निघाली, २०१६ च्या मे महिन्यात २,६३४ आणि २०२० मध्ये ३,८९४. कोनची २,४१७ धरून बेरीज १५,८७०. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये गेले. उरलेल्यांना आता कर्जत तालुक्यातलं शेलू आणि अंबरनाथ तालुक्यातलं वांगणी दाखवलं जातंय, आणि जुलै २०२५ मध्ये वारसांनी आझाद मैदानात बसून सांगितलं की घर मुंबईतच पाहिजे. पळस्पे फाट्यावरून पाहिलं तर त्यांचं म्हणणं चटकन कळतं. ज्या वाटेने आजोबा शहरात शिरला, त्याच वाटेने नातवाला बाहेर काढण्याचा हा प्रकार आहे.

आता कळंबोली. पुण्याला जाणारा द्रुतगती मार्ग जिथे सुरू होतो, तिथेच लोखंडाचा बाजार पसरलेला आहे. हा बाजार पूर्वी दारूखाना आणि कर्नाक बंदराच्या गल्ल्यांत होता, मुंबईतली कोंडी सोडवायला तो इकडे हलवला. सकाळी गेलात तर ट्रेलरच्या रांगा, पत्र्यांची भेंडोळी, सळयांचे भारे आणि हायड्रा क्रेनची घरघर. क्रेन आल्या तरी साखळी अडकवायला, सळई ओढायला, माल लावायला माणूस लागतोच. त्याच्या टोळीला नंबर असतो, टोळीवर मुकादम असतो.

१९६९ पूर्वी हा माणूस कोणाचाच नव्हता. सकाळी या व्यापाऱ्याचा माल, दुपारी त्या व्यापाऱ्याचा. पाय चिरडला तर दोघेही म्हणणार, हा आमचा कामगार नाही. कायद्याला मालक आणि नोकर अशी जोडी दाखवावी लागते, इथे ती जुळायचीच नाही. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील स्वतः हमाली करत मुंबईत आले. मशीद बंदरच्या गोदामांतून त्यांनी माथाड्यांची संघटना बांधली, आणि अनेक संपांनंतर ५ जून १९६९ रोजी माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा अमलात आला. पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव याच प्रश्नावर लढत होते. त्यांचंही ऋण या कायद्यावर आहे.

कायद्याची युक्ती अफलातून आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. मालक शोधत बसायचंच नाही. सरकार, व्यापारी आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेलं एक मंडळ काढायचं. व्यापाऱ्याने मंडळात नोंद करायची, हमालानेही करायची. मजुरी थेट हमालाच्या हातात द्यायची नाही. व्यापारी ती मंडळात भरणार आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरणार. मंडळ हमालाला महिन्याला पगार देणार, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवापाणी चालवणार. रोज दहा दारी ओझं वाहणाऱ्याला पेन्शनीच्या नोकरीतल्या कारकुनासारखा हिशेब मिळाला. लोखंड बाजारासाठी वेगळं मंडळ झालं. असंघटित मजुरांसाठी इतकी चोख सोय करणारा कायदा त्या काळात देशात दुसरा नव्हता.

अण्णासाहेबांचा शेवट मात्र चटका लावणारा. २२ मार्च १९८२ रोजी मराठा आरक्षणासाठी त्यांनी मुंबईत मोर्चा नेला. मागणी मान्य झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. गिरणी संप तेव्हा दोन महिन्यांचा होता. पुढे त्यांच्या युनियनमध्ये गट पडले, नेते वेगवेगळ्या पक्षांत गेले. तरी पगाराच्या तारखेला मंडळाच्या खिडकीतून पैसे मिळत राहिले, कारण ती खिडकी नेत्याच्या नावावर नव्हती.

या चित्राला काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. कळंबोली-तळोजा पट्ट्यात माथाडीच्या नावावर खंडणी मागणाऱ्या टोळ्यांविषयी कारखानदार वर्षानुवर्षं तक्रार करत आलेत. काम न करता मजुरी, ट्रकवाल्याकडून वाराई, गेटवर दमदाटी. बोगस माथाडीचा सगळ्यात मोठा फटका खऱ्या माथाडीला बसतो, कारण त्याचंच नाव पुढे करून २०२३ मध्ये सरकारने कायदा बदलणारं विधेयक क्रमांक ३४ आणलं. विधेयकाला माथाड्यांच्या सगळ्या गटांनी विरोध केला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे नेते तेवढ्यापुरते एका मंचावर दिसले. गुंडाला पकडायला पोलीस आहेत, त्यासाठी कायदा सैल करायची गरज नाही, हे त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटतं.

कोनहून सावळ्याला जाणारा रस्ता रसायनीत उतरतो. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स (एचओसी) ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि इथे तिचा कारखाना उभा राहिला. वसाहत, शाळा, मान्यताप्राप्त युनियन, वेळच्या वेळी वेतनकरार, सगळं होतं. एका पिढीला इथे 'एचओसीत लागला' म्हटलं की लग्नाच्या बाजारात पुढे विचारायला लागायचं नाही. उदारीकरणानंतर स्वस्त आयात मालापुढे कंपनी टिकली नाही. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे प्रकल्प बंद करायचं ठरवलं, ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला गेली. एकच विभाग वाचला, अग्निबाणाच्या इंधनाला लागणारं डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड करणारा. तो इस्रोकडे सोपवला. इथे युनियनचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. कारखानाच उरला नाही तेव्हा चांगला करारही स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेपुरता उपयोगी पडला.

रायगडात कामगार आणि शेतकरी ही दोन माणसं कधीच नव्हती. १९३३ च्या ऑक्टोबरात अलिबागजवळ चरी गावात नारायण नागू पाटलांनी कुळांची सभा घेतली आणि पंचवीस गावांनी खोतांची जमीन कसायचं थांबवलं. सहा वर्षं. गिरणी संपाची भाषा शेतात आली होती. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले, आणि १९३९ मध्ये कुळांना कायद्याने नाव मिळालं. या मुशीतूनच जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्ष घट्ट रुजला, आणि पनवेलला त्याचा नेता मिळाला तो दिनकर बाळू पाटील.

दि. बा. जासईचे, जन्म १३ जानेवारी १९२६. वकिली पनवेलात, घर पनवेलात, घराचं नाव 'संग्राम'. पनवेलचे आमदार, दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. १९७० मध्ये सिडको आली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली. १९८४ च्या जानेवारीत न्हावा-शेवा बंदराच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बां.नी लोकांना रस्त्यावर आणलं. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मेले. त्यातून १९९० मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. जमीन गेलेल्याला शहराचा भागीदार मानणारं ते पहिलं पाऊल होतं. विमानतळाच्या वेळी हा हिस्सा साडेबावीस टक्क्यांवर गेला. वाटपात घोटाळे झाले, कित्येकांनी भूखंड बिल्डरला विकून गाड्या घेतल्या आणि हात रिकामे केले, हे सगळं घडलं. तरी हक्क लेखी होता, म्हणून त्यासाठी भांडता आलं.

दि. बा. २४ जून २०१३ रोजी पनवेलात वारले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याला त्यांचं नाव द्यावं म्हणून २०२१ पासून मानवी साखळ्या आणि मोर्चे निघाले. नावाचा आग्रह योग्यच आहे. पण विमानतळावर सामान चढवणारी, झाडलोट करणारी, पहारा देणारी मुलं कंत्राटदाराच्या हजेरीवर असतील तर त्यांची युनियन कोणती, हा प्रश्न तेवढ्याच मोठ्या आवाजात कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. दि. बां.नी तोच आधी विचारला असता.

आणि आता तो विचारायची चौकट बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत विरले. गोरेगावच्या जोशांचा १९२६ चा कायदा त्यांतलाच एक. आता कुठल्याही आस्थापनेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागेल, तीनशेहून कमी कामगार असलेला कारखाना सरकारला न विचारता बंद करता येईल, आणि ५१ टक्के सभासद असणारी संघटना एकटी वाटाघाटीला बसेल. शेवटचं कलम वाचताना १९४६ आठवल्याशिवाय राहत नाही, फक्त या वेळी निम्म्याहून जास्त सभासदांची मोजणी तरी लागेल. ती प्रामाणिकपणे झाली तर काही युनियनना फायदाही होईल.

म्हणून पनवेल, कळंबोली, रसायनी, तळोजातल्या घरांना एक विनंती. तुमच्या वडिलांच्या ट्रंकेत वेतनकरारांच्या सायक्लोस्टाइल प्रती, मागणीपत्रं, टोळीची हजेरीवही, बिल्ले, मोर्च्यांची पत्रकं पडून असतील. घर बदलताना ती रद्दीवाल्याला देऊ नका. पनवेलात के. गो. लिमये वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, महाविद्यालयं आहेत. त्यांच्याशी बोला, निदान घरातल्या शिकलेल्या पोराकडून प्रत्येक कागदाचे फोटो तारखेसह काढून ठेवा. पुढच्या करारासाठी बसणाऱ्याला मागचा करार दाखवता आला पाहिजे.